एका चौकटीत एकच खूण

पोरी, तुझी प्रश्नावली भरायला घेतली,
पण पेन पहिल्याच प्रश्नावर थांबलाय.
‘संगणकाबद्दल आपला दृष्टिकोन’:
सहमत, असहमत, तटस्थ.
आमच्या इकडे, आरमोरीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठाला,
तटस्थ म्हणजे पूर येईपर्यंत निवांत बसलेला माणूस.

भीती? होती ना.
पहिला आठवडा हात धुवून, पदराला पुसून
मगच कीबोर्डला लावायची,
लोणच्याच्या बरणीला लावावा तसा.
अध्यक्ष म्हणाले, “बाई, बटणं नासत नाहीत जी.”
त्यांना स्वतःला तो सुरू करता येत नव्हता.

तीन हजार एकशे बारा पुस्तकं
दाखल नोंदवहीतून त्याच्या पोटात घातली.
दोन उन्हाळे लागले, वीज असेल तेव्हा.
त्याच्याकडे शेऱ्याचा रकाना नाही.
माझ्या वहीत आहे:
‘पान एकेचाळीसवर हळद.’
‘पुरात भिजले, दोरीवर वाळवले, फुगले आहे, वाचता येते.’
‘वाचक वारले. मागायला गेले नाही.’
त्याला तीनच गोष्टी कळतात:
आहे, दिलेले, हरवले.
मेलेल्या माणसाकडचं पुस्तक यातलं काय, तू सांग.

इथपर्यंत असहमत लिहिलं असतं.

मग एका दुपारी त्याला सहज विचारलं,
सगळ्यात जास्त वेळा काय गेलं?
मला वाटलं, एखादी कादंबरी.
तो म्हणाला, विद्युत मोटार रिवाइंडिंग, अकरा वेळा,
एकाच कार्डावर. विठोबा दडमल.

विठोबा अंगठा मारतो.
अकराही अंगठे माझ्याच वहीत होते,
माझ्याच शाईचे, सात वर्षांत विखुरलेले,
प्रत्येकाखाली तारीख मीच टाकलेली.
आणि मी समजायची, अख्खं गाव मला पाठ आहे.

संध्याकाळी त्यांच्या दुकानी गेले.
पाटीवर विठोबा. बाहेर बाजेवर विठोबा.
आत रेखा, तांब्याची तार दातात धरून,
धान मिलची मोटार उघडून बसलेली.
“मॅडम, कोणाले सांगू नका,” विठोबा म्हणाला,
“बाईच्या हातची मोटार गिऱ्हाईक नेत नाही.”
रेखाने वर पाहिलं नाही. वेढे मोजत होती.

मी कोणाला सांगितलं नाही.
तुलाही नाही, समजलं ना?
फक्त एक नवं कार्ड केलं, तिच्या नावाचं.
आणि शेरे आता ‘प्रकाशकाचा पत्ता’ इथं लिहिते.
जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले की विचारतात,
बाई, हे हळद कोणत्या तालुक्यात येतं?

तर तुझी चौकट रिकामी ठेवते.
सत्ताविसावा प्रश्न, ‘अन्य सूचना’: इन्व्हर्टरची बॅटरी.

आणि दोन तास झाले वाचनालयात बसलीस,
एका पुस्तकाला हात लावला नाहीस.
कार्ड काढ. पूर्वी दोन फोटो लागायचे,
आता नुसती त्या भिंतीशी उभी राहा,
तोच काढतो.
हसू नका म्हणतात. तू हस.