प्रति: सर्व कर्मचारी

उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत
जाणाऱ्याचं शेवटचं पत्र आधी माझ्याकडं येतं.
नियम माझा नाही, सही माझी: वै. होनगेकर, एचआर.
दोन वर्षांमागं एकानं जाता जाता रात्री अकराला
साऱ्या कंपनीला लिहिलं होतं
त्याच्या रजा कुणी कशा खाल्ल्या ते, तारखांसकट.
तेव्हापासून हे काम निघालं.

मी वाचते. फोन नंबर काढते.
"काहींचे विशेष आभार, का ते त्यांना माहीत आहे"
असलं टोचरं वाक्य काढते.
संध्याकाळी पाचला सोडून देते
आणि सहाला इरफान सनदी खातं बंद करतो.
मधला एक तास
माणूस जुन्याच खुर्चीत बसून उत्तरं येताना बघतो.

पत्रं बहुतेक एकाच साच्यातली.
आमच्याकडं साचे वाळूचे, ओतलं की मोडायचे;
हा मोडत नाही.
आज माझा शेवटचा दिवस. खूप शिकायला मिळालं. संपर्कात राहू.
सगळं इंग्रजीत. कारण बेळगावात
मराठीत लिहिलं तर कुणी काहीतरी म्हणेल,
कन्नडमध्ये लिहिलं तर दुसरं कुणी म्हणेल,
इंग्रजीत कुणी काहीच म्हणत नाही.
पुण्याला निघालेली शिवलीला,
हुबळीला निघालेला कंग्राळकर,
दोघांचं पत्र सारखं, स्वल्पविरामासकट.
मी दोन्ही सोडली.

मार्चअखेर इराप्पा हादिमनी आला.
एकतीस वर्षं भट्टीवर. खातं कधी नव्हतंच.
दारात चपला काढल्या. राहू दे म्हटलं, तरी काढल्या.
"माझं बी एक सोडा की बाई. समद्यांचं सोडताय."

काय लिहू?
टोपी गुडघ्यावर ठेवून तो बराच वेळ पंखा ऐकत बसला.
"लिवा, तीन नंबरच्या भट्टीचं झाकण
डाव्या अंगानं जरा उचलून मग ओढायचं.
सरळ ओढलं की अडकतंय, हात भाजतंय.
नव्या पोरास्नी ठावं नाही."
आणि?
"मागच्या शेडातली वाळू आधीच वली असतंय.
पाणी बघून घाला म्हणावं."
आभार वगैरे?
"कुणाचं?"
खरंच विचारलं त्यानं.

शेवटी मी सवयीनं टाइप केलं, आज माझा शेवटचा दिवस,
आणि वाचून दाखवलं.
तो दचकला. "असं कसं म्हणताय?
आमच्यात होगि बर्तीनि म्हणत्यात, तुमच्यात येतो म्हणत्यात.
जातो असं दोन्हीकडं कोण बी म्हणत नाही."

नियमानं भट्टीचं काढायला हवं होतं.
सुरक्षिततेच्या सूचनांचा फॉर्म वेगळा, रंगही वेगळा, पिवळा.
पण ते काढलं तर खाली उरत होतं
फक्त येतो.
पाचला जसंच्या तसं सोडलं, माझ्या खात्यातून.

म्हणून उत्तरंही मलाच आली. तेवीस.
"मामा, चार वर्षं सरळच ओढतोय, हातावर खुणा आहेत."
निपाणीच्या गोडाऊनातून: "कोण हे?"
एक अगदी कोरं. कुणीतरी लिहायला बसून
तसंच पाठवलेलं.
आणि मॅनेजरचं, एका ओळीचं: परवानगी कुणाची?
प्रत सर्वांना.

सहाला इरफान दारात.
"मॅडम, हादिमनींचं कुठलं खातं बंद करू?"
मी म्हटलं, नाहीच ते.
तो यादीवर खूण करून गेला, कसली खूण कुणास ठाऊक.

उत्तरं छापून पर्समध्ये ठेवलीत.
हिरेबागेवाडीला बस खूप आहेत, तीन रविवार गेले.
मॅनेजरचं पान त्यात असू द्यावं का,
एवढंच ठरत नाही.