जावक

ते पत्र माझ्या अक्षरात आहे.
हे आधीच सांगते,
म्हणजे पुढचं ऐकताना मला
बाजूला उभी असलेली बाई समजू नका.
स्थानीय सभेची सचिव मी, जावक वही माझ्याकडेच:
दिनांक, क्रमांक, कोणास, विषय.
विषयाच्या रकान्यात लिहिलं, 'सदस्यत्वाबाबत'.

राजलिंगम मेरगू, साखर पेठ.
तीस वर्षं मागावर. आधी टॉवेल, मग चादरी.
तरुणपणी त्यानं मार्कंडेयाच्या रथाची वर्गणी बंद केली,
सगळे धर्म एकच म्हणाला,
तेव्हा भावकीनं गल्लीत येऊन
तेलुगूत शिव्या घातल्या, दारावर चप्पल मारली.
हे तो हसत सांगायचा.
"आवाज तर झाला की, मॅडम.
कोण कुठं उभारलंय, कळलं तरी."

आमच्यात आवाज होत नाही.
पुरोहित नाही, पंच नाही.
गुप्त मतदान, नऊ जणांचा विचारविनिमय,
आणि इस्फंदियारकाकांच्या बेकरीतली नानकटाई.

त्यानं केलं एवढंच:
बारा पानं लिहिली, वहीच्या कागदावर.
तपासायला न पाठवता
कन्ना चौकात झेरॉक्स काढली
नि एकोणिसाव्या दिवशीच्या सभेत, प्रार्थना झाल्यावर, वाटली.
पान चार:
बाई आणि पुरुष हे एका पाखराचे दोन पंख,
असं आपण पोरांना शिकवतो.
मग सगळ्यात वरच्या नऊ खुर्च्यांत एकही बाई का नाही?
पान नऊ:
सत्य ज्यानं त्यानं शोधावं म्हणतो आपण.
सापडल्यावर ते कुणाकडून तपासून घ्यायचं?

पंखांचा तो धडा मी अकरा वर्षं शिकवलाय.
पान चार वाचलं, पुस्तिका पर्समध्ये घातली,
पर्सची चेन लावली.

पुण्याहून एक सद्गृहस्थ दोनदा आले.
फार गोड बोलले. त्याच्या नातवाला चॉकलेट दिलं.
मग वरून उत्तर आलं, वाक्यं तयारच होती:
आपल्या समजुती पाहता आपणास बहाई मानता येणार नाही,
असे खेदाने कळवितो. आपले कल्याण चिंतितो.
'खेदाने'वरच्या दोन्ही मात्रा मी नीट काढल्या.

पुढच्या महिन्यात त्याचं पाकीट आलं,
नेहमीसारखे एक्कावन्न रुपये, निधीसाठी.
निधी फक्त आपल्याच माणसांकडून घेतात.
परत पाठवलं. जावक क्रमांक सदतीस.
पत्र मिळालं तेव्हा तो काही बोलला नव्हता.
पाकीट मिळालं तेव्हा दारात आला.
"पैसे तर खोटे नव्हते की."
मी चहा विचारला. नको म्हणाला.

त्यानं विणलेलं कापड अजून हॉलच्या टेबलावर आहे,
मधोमध नऊ टोकांचा तारा.
ते काढा असं कुणी म्हणत नाही.
त्यावरच आम्ही नानकटाईचं ताट ठेवतो.
आणि ज्यांना शहरामागून शहर, देशामागून देश हाकललं
त्यांची गोष्ट सांगताना
काकांचा गळा अजून भरून येतो;
त्यांचे पणजोबा यज्दहून निघाले ते रात्री, खेचरावर,
पोराच्या तोंडावर हात दाबून.
मी ऐकते. मांडीवर वही असते.

आता उपास चालू आहेत.
उगवतीपासून मावळतीपर्यंत पाणीसुद्धा नाही,
आणि सोलापूरचा मार्च.
काल सिद्धेश्वर तळ्याच्या कठड्याशी तो दिसला.
शेजारी पाण्याची बाटली.
एकदा पश्चिमेकडे बघायचा, एकदा घड्याळाकडे.
यादीतून नाव मीच काढलं होतं,
उपास काढायचा राहिला.

मी रस्त्याच्या या बाजूला, रिक्षांच्या रांगेपाशी.
सहा अडतीस.
माझ्या बाटलीचं झाकण आवळून बसलेलं.
पदर धरून फिरवलं, दातानं ओढलं,
घशाला नुसती कोरड.
मान वर केली तर तो रस्ता ओलांडून आलेला.
हात पुढे केला. त्या हातावर सुताचे जुने वळ.
एका हिसक्यात झाकण फिरवलं,
"घ्या," म्हणाला.

त्याची बाटली तिकडं कठड्यावर होती,
तशीच, भरलेली.