वटाव

गुरुवारी संध्याकाळी, गिरेसूनच्या व्यापारी मंडळात,
खाली मासळीचे ओटे धुऊन झाले की
वरच्या मजल्यावर मुअल्लाबाई
फळ्यावर एक आडवी रेघ ओढतात
आणि म्हणतात, हा काळ.
डाव्या टोकाला आज.
उजवीकडे पाच वर्षं, प्रत्येकावर एक बाण,
वर असेल तर पैसा आला, खाली असेल तर गेला.
एवढं सोपं असतं तर, शेजारचा तोल्गा पुटपुटतो,
माझ्या बापाची होडी अजून बापाचीच असती.

उद्याचे शंभर आज किती?
हे मला ठाऊक होतं.
लग्नातल्या सहा बांगड्या मी मोडल्या नव्हत्या,
लिरा घसरत घसरत गेला,
मग एकाच बांगडीत अख्खं छप्पर झालं.
त्याला वटावाचा दर म्हणतात, बाई म्हणाल्या.
मी वहीत लिहून घेतलं,
आपल्याच आईचं नाव
कुणी शुद्धलेखनासकट सांगावं तसं.

आमचा कारखाना हेझलनटचा. फोडायचे, वाळवायचे, भाजायचे.
सासऱ्यांना नवी भट्टी हवी होती, इटलीची.
पुस्तकातल्या बारा टक्क्यांनी मांडलं तर भट्टी सोन्याची.
पुस्तक कुठल्यातरी शांत देशात छापलेलं.
आमच्या बँकेच्या दराने मांडलं
आणि पाचव्या वर्षाचा बाण
खोडरबराएवढा उरला.

रेम्झीबाबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"भट्टी सांगून झाली. आगाऊ रक्कमही दिली."
"कुठून?"
ते चहात साखर ढवळत राहिले.
साखर ते घेत नाहीत.

ऑगस्टात बागवाले पोती आणतात तेव्हा भाव पडलेला असतो.
राहू दे तुझ्याकडे, म्हणतात, चढला की येईन.
चिठ्ठीवर नाव, वजन, तारीख.
किंमत कोरी.
तीन पिढ्या चाललंय हे. अनामत.
रात्री गोदामात बिस्किटाचा डबा उघडला,
एकशे अकरा चिठ्ठ्या होत्या.
पोती नव्हती.

म्हणजे हे कर्जच,
ज्याचा आकडा देणेकऱ्याने नाही,
घेणेकऱ्याने ठरवायचा, त्याला वाटेल त्या दिवशी.
पुस्तकात शेवटून तिसऱ्या प्रकरणात
याला नाव आहे, चार ओळींचं सूत्र आहे,
मोठ्या शहरांत त्यावर माणसं गाड्या घेतात.
आमच्याकडे डब्यावर बदकाचं चित्र होतं.

एप्रिलमध्ये वरच्या वाड्यांवर दहिवर गोठलं.
कळ्या काळ्या पडल्या. भाव चढला.
तिसऱ्या दिवशी हाजेरकाकू दारात,
रुमालाच्या गाठीत चिठ्ठी, तीनशे वीस किलो,
"आजच्या भावाने, पोरी."

भट्टी रद्द करा, मी म्हणाले.
आगाऊ दिलेले बुडतील, बाबा म्हणाले.
ते दिले त्याच दिवशी बुडाले, बाबा.
पुढचे तरी त्यांच्यामागे पाठवू नका.
हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं, पाच गुणांसाठी.
घरात म्हणताना घसा सुकला.
ते उठून काट्यापाशी गेले,
रिकाम्या काट्यावर उगाच हात ठेवून उभे राहिले;
काटा सात किलो दाखवत होता.

इटलीहून निम्मे परत आले.
हाजेरकाकूंनी नोटा दोनदा मोजल्या, एक फाटकी बदलून घेतली.
मग बाकीचे आले, एकेक करत, जूनपर्यंत.
चार बांगड्याही गेल्या. त्याचं कौतुक नको,
दर बघूनच मोडल्या.

मुअल्लाबाईंना मी हे सांगितलं नाही.
त्या दिवशी त्या खेळतं भांडवल शिकवत होत्या
आणि तोल्गा झोपला होता.

ऑगस्टात पहिली पोती हाजेरकाकूंचीच.
राहू दे तुझ्याकडे, म्हणाल्या, आणि
डोळ्यांत बघून वाट पाहिली.
मी चिठ्ठी लिहिली. नाव, वजन, तारीख.
त्या गेल्यावर वहीत आडवी रेघ ओढली,
तिच्यावर एक बाण, खाली तोंड केलेला.
टोक अजून काढलेलं नाही.