पाठीचा साचा

गाडी सगळ्यांची जवळपास सारखीच. बसणारा तेवढा वेगळा.
म्हणून मी लागतो.
दोन डब्यांतली दोन द्रावणं बादलीत घुसळायची,
मोजून वीस सेकंद,
आणि माणसाच्या पाठीमागच्या पिशवीत ओतायची.
फेस फुगतो, तापतो, बरगड्या चाचपत वर चढतो.
हलायचं नाही, मी म्हणतो. श्वास बेताने.
हात स्टिअरिंगवर ठेव, पहिलं वळण समोर आहे असं समज.
पंधरा मिनिटांत साचा कडक होतो
आणि मी माणसाला त्याच्यातून उठवतो.

जास्तीचा भाग विजेच्या सुरीने तासतो,
टर्की कापायच्या.
बायकोने नाताळात दोनदा विचारलं, सुरी कुठे आहे.

इंडियानापोलिसात, सोळाव्या रस्त्यामागच्या गल्लीत,
माझ्या फळीवर एकवीस पाठी आहेत.
टेपवर नावं. काही टेपांवर नावावर नाव.

हॉस्टेटलर कोकोमोचा.
मातीच्या ट्रॅकवर वाढला, दातांत अजून तिथली कचकच.
बापाचं गॅरेज गहाण नाही, विकलेलं.
त्याची पाठ मला पाठ आहे:
डावा खांदा पाव इंच खाली, मणक्यात एक जुनी गाठ.
शनिवारी त्याने ती थकलेली गाडी
चार फेऱ्यांत एकतिसाव्या जागी नेऊन बसवली,
भिंतीला इतकी चाटून
की उजव्या टायरवरची अक्षरं पुसली गेली.
उतरला तेव्हा हातमोज्यातून बोटं निघेनात.

रविवारी मिक्केल ब्रोदेरसन बाहेर पडला.
गाड्या चौतीस, जागा तेहेतीस.
दहा मैलांत त्याला कमी पडलं
ते मला ‘हो’ म्हणायला लागतं त्याहून थोडं.

सोमवारी सकाळी सातला फोन.
नियम असा, की पात्र ठरते ती गाडी.
माणूस सुटा भाग.
मिक्केलच्या वडिलांचा डुकरांच्या खाद्याचा कारखाना आहे,
त्याचं नाव दुपारच्या आत गाडीच्या नाकावर चिकटलं.
गुलाबी अक्षरांत.
ड्रायव्हर बदलला की रांगेत शेवटी उभं राहावं लागतं.
चालेल, म्हणाले.

पोरगा सभ्य. दाराबाहेर बूट पुसून आत आला.
आधी हॉस्टेटलरच्या साच्यात बसवून पाहिला:
कमरेत सैल, खांद्यांत अडकला.
नवा ओतायला घेतला.
फेस वर चढत असताना त्याने विचारलं,
“तो चिडलाय का?”
हलू नकोस, मी म्हणालो.
तो हलला.
खुब्यापाशी अंगठ्याएवढी पोकळी राहिली.
नंतर मी ती भरली.
मनात नव्हतं, पण भरली.

गुरुवारी हॉस्टेटलर आपली पाठ न्यायला आला.
तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता.
जागा गेली की माणूस असा जागाच राहतो.
साचा काखेत मारून पिकअपपर्यंत गेला,
तिथे जरा उभा राहिला,
परत घेऊन आला.
“असू दे इथेच.
पुढच्या रविवारी डेट्रॉइट. उखडलेला रस्ता, भिंती अगदी अंगावर.
कोणाचं मनगट मोडू नये.”
मग बराच वेळ काही नाही.
“पण मोडलंच, तर माझं माप तुझ्याकडे आहे.”
हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
मीही सुरीच पुसत होतो.

डेट्रॉइटच्या दिवशी दुकान बंद असतं.
तरी आलो, रेडिओ लावला.
पन्नासाव्या फेरीच्या आसपास कोणीतरी भिंतीला लागलं.
निवेदक म्हणाला, ड्रायव्हर स्वतःच्या पायांनी बाहेर आलाय,
लोकांना हात हलवून दाखवतोय.

दोन्ही? मी विचारलं.

दुकानात मी एकटाच होतो.