इतर

डीनसाहेबांचा निरोप आला: शुक्रवारपर्यंत
संगीत विभागाची वर्षभराची कामगिरी पाठवा.
नाव, पारितोषिक, स्थळ, दिनांक.
चार रकाने. आणि पाचवा, कडेला दाबून बसवलेला: इतर.

वाल्दिव्हियात डिसेंबर म्हणजे उन्हाळा.
खिडकी उघडली की मासळीबाजाराच्या धक्क्यावरून
समुद्रसिंहांचं घसा खरवडणं आत येतं,
आणि वरच्या मजल्यावरची सोप्रानो
तान अर्धी टाकून थांबते, रागावल्यासारखी.
सव्वीस वर्षं मी या टेबलाशी.
मला स्वरलिपी वाचता येत नाही. टायपिंग येतं.

तर, मिलाराय वेंचुमान. चेलो. दुसरं पारितोषिक.
कोन्सेप्सिओन, चौदा ऑगस्ट.
एवढं मावलं.
मावलं नाही ते असं, की रात्रीच्या बसला
चेलोचंही तिकीट काढावं लागलं,
तर खिडकीची जागा तिने त्यालाच दिली,
वर आपला पोंचोही त्याला पांघरला
आणि स्वतः कुडकुडत उतरली.
स्टँडवरच्या बाईने तिच्या मुठीत
वाफाळता उकडलेला बटाटा कोंबला, शेक म्हणाली.
परीक्षकांचा शेरा माझ्या फायलीत आहे:
डाव्या हाताला विलक्षण ऊब.

प्राध्यापक बार्रिएन्तोस. शोधनिबंध, एक.
चिलोए बेटावरच्या देवळांतली जुनी हस्तलिखितं,
पानं बेचाळीस.
त्यांचा डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला.
ते कुणाला सांगत नाहीत, आणि सगळ्यांना माहीत आहे.
तालमीत दुसरं व्हायोलिन चढं लागलं
की व्हिओलावाली नुसती भुवई उचलते,
आणि सर लगेच म्हणतात, दुसरं व्हायोलिन, जरा खाली.
कुणी हसत नाही.
ही कामगिरी कुणाच्या नावावर टाकू?
बोटं कळफलकावर तशीच राहिली
आणि चहा गार झाला.

निकानोर सोतोमायोर, ट्रम्पेट.
सिद्धान्ताच्या पेपरात तिसऱ्यांदा आपटला.
आपटण्याला रकाना नसतो.
पण बंबवाल्या स्वयंसेवकांचा बँड त्यानेच उभा केला:
एक सुतार, दोन नावाडी, एक दातांचा डॉक्टर.
मागच्या महिन्यात तालमीत भोंगा झाला,
वाद्यं खुर्च्यांवर टाकून सगळे पळाले.
पहाटे परतले ते काजळी माखून, डोळे लाल,
आणि राहिलेले आठ ठोके वाजवूनच
घरी गेले म्हणे. बेसूर, अर्थात.

आता सात नंबरची खोली.
माझ्या भिंतीपलीकडची.
तिथल्या पियानोच्या पट्ट्या दमटपणाने फुगतात
आणि तिथे दर वर्षी कुणीतरी तोच सराव काढतं.
तिसऱ्या ओळीत, वळणावर, पडतं.
सव्वीस वर्षं पडतं आहे.
मी कागद मोजताना, नवऱ्याच्या आजारपणात
फोनवर डॉक्टरची वाट पाहताना,
त्या वळणाशी माझाही श्वास अडकायचा
आणि ते पडलं की सुटायचा. सवयच तशी.

सप्टेंबरात एका मंगळवारी ते पडलं नाही.
सरळ गेलं. पुढे गेलं.
कॉफीच्या यंत्रापाशी बार्रिएन्तोस सर
उजवा कान भिंतीकडे करून उभे होते.
मी दार ढकललं तर आत पहिल्या वर्षाचा आन्सेल्मो,
कानशिलं लाल, माझ्याकडे बघत म्हणाला,
चुकून झालं, सेन्योरा.
आणि पुन्हा वाजवलं, आणि पडला.

ना पारितोषिक, ना स्थळ. दिनांक आहे फक्त.
इतरमध्ये मी पानभर लिहिलं.
यंत्र म्हणालं, चाळीस अक्षरं, त्यापुढे नाही.
खोडत गेले. भिंत खोडली, कॉफी खोडली,
नवरा खोडला, आन्सेल्मोचे कान खोडले.

उरलं ते पाठवलं:
सात नंबर. तिसरी ओळ. एकदा जमली.

डीनसाहेबांचं उत्तर अजून नाही.
पलीकडे पुन्हा सुरू झालंय.
पहिली ओळ. दुसरी.