खोली ११४

चोवीस वर्षं मी सेंट ऑर्विल कॉलेजच्या तळघरात
पोहणाऱ्या मुलींचे टॉवेल धुतले.
क्लोरीन अजून केसांत आहे.

काही टॉवेल कोरडेच यायचे,
पण मुठीत धरून पीळ पडलेले,
पूल बंद असलेल्या दिवशी,
डॉक्टरांच्या खोलीतून.
मी सांगितलं होतं. एकदाच. मिसेस हॅगनना.
त्यांनी लिहून घेतलं, पेन्सिलीने.
बर्फ वितळेपर्यंत त्या दारावर नवी पितळी पाटी आली
आणि मला पगारवाढ, ताशी चाळीस सेंट.
मी घेतली.

काल रात्री टेसा लिंडक्विस्टने फोटो टाकला:
नुसतं दार. शब्द एकही नाही.
खाली कुणीतरी लिहिलं, २००९.
मग २०१३. मग २००६, हिवाळा.
मधेच एकजण, बापाच्या वयाचा, टीमची टोपी घातलेला:
करंडक घालवलास, आता खूश?
पुन्हा २०११. २०११. २०११.

सकाळी कॉलेजने गोठलेल्या तळ्यावरचा सूर्योदय टाकला.
प्रतिक्रिया बंद.

नवरा म्हणतो, वर्ना, पेन्शन चालू आहे, घाल पांघरूण.
अरे, पांघरुणंच तर धुतली मी,
घड्या घातल्या, कॉलेजचं नाव वर येईल अशा.

साबणाने झिजलेला अंगठा
फोनची काच ओळखत नाही.
पदराला... नाही, ॲप्रनला पुसते, पुन्हा टेकवते.
१९९८ ते २०२२.
पुढे, मला माहीत होतं.

नक्की पाठवू का, असं फोन विचारत नाही.