बत्तीस मिलिमीटरचा हिवाळा

बत्तीस म्हणजे आमच्याकडे दात.
नारायण पेठेत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर,
एकवीस वर्षं मी
दुसऱ्यांच्या तोंडात बसतील असे दात रंगवतो आहे.

सोहोनी डॉक्टरांचा गंधार
जबडे छापायच्या मशीनवर
रविवारी गुपचूप एक बाई छापून घेऊन आला.
अंगठ्याएवढी. खांद्यावर अस्वलाचं कातडं,
मुठीत भाला,
कुठल्याशा हिमकोटाची पहारेकरीण.
“बत्तीस मिलिमीटर आहे, काका.
तुमचा ब्रश बारीक.
सगळं गार दिसलं पाहिजे.”

मे महिना. पर्वतीच्या पायथ्याला घर,
घरावर पत्रा, पत्र्यात अजून दुपार.
पंखा लावावा तर रंग ब्रशवरच वाळतो,
बंद करावा तर घाम तिच्या अंगावर पडतो.
पेढ्यांच्या डब्याच्या झाकणात ओला स्पंज,
त्यावर बटरपेपर,
त्यावर निळ्याचे चार थेंब:
शाईचा, गुळीचा, मोरचुदाचा,
आणि एक नाव नसलेला,
तिघांतलं उरलंसुरलं.

बर्फ मी पाहिलेला नाही.
रोज शिमला ऑफिसच्या चौकात सिग्नलला थांबतो,
तेवढाच माझा हिमालयाशी संबंध.

पण पांढरं मला कळतं.
नुसता पांढरा दात बसवला
तर माणूस हसताना आधी दात हसतो.
खऱ्या दाताच्या टोकाशी निळसर धूर असतो,
मुळाशी किंचित हळद.
बर्फही तसाच असणार असं धरून चाललो.
खोलगट जागी शाई,
केसाकेसावर करडा,
आणि अगदी वरच्या कडेला
श्वास रोखून
पांढऱ्याची एक ओरखड.

तीन रात्री गेल्या.
कातडं गार झालं. भाला गार झाला,
इतका की पातं धरायला नको वाटावं.
बाई मात्र जमेना.
निळा चेहरा, निळे हात.
थंडीत उभी वाटायच्या ऐवजी
थंडीत मेलेली वाटायची.

चौथ्या रात्री हिरडीच्या गुलाबीची बाटली उघडली.

सहकारनगरच्या दूधकेंद्रावर
जानेवारीतल्या पहाटे चारला
आई ओल्या पिशव्या मोजायची.
मी क्रेटवर बसून, कानाला मफलर, हातात भूगोल,
आणि समोर तिची पेरं,
लाल,
भेगांत व्हॅसलिन चमकणारं.
तोंडातून वाफ निघायची आणि वाफेतून
“सुट्टे द्या.”
अंगावर उतरली की थंडी लाल होते,
हे मला पाठ होतं,
नुसतं कुणी विचारलं नव्हतं.

नाकाचा शेंडा. कानाच्या पाळ्या.
भाल्याभोवती वळलेली चार पेरं.
पाण्यात पाणी घालून पातळ केलेला गुलाबी,
ब्रश टेकवायचा आणि लगेच उचलायचा.
तिला थंडी वाजायला लागली.

मग पायाशी खायचा सोडा
फेव्हिकॉलमध्ये कालवून पसरला.
ढोकळ्याचा होता, हे नंतर कळलं.

रात्री दीडला आई पाणी प्यायला उठली.
चष्मा लावला, आणि वाळायच्या आतच उचलली.
“कोण ही?”
“पहारेकरीण.”
“किती वाजता सुटते?”

हे गंधारनं सांगितलं नव्हतं.
आई तिला बल्बखाली फिरवून फिरवून
हात बघत राहिली.
मग पंख्यापासून लांब ठेवली
आणि सोड्याची पुडी, उरली होती तेवढी,
रबर लावून डब्यात टाकली.

सकाळी पाहिलं तर
बर्फात मधोमध अंगठ्याचा ठसा.
रेषांसकट.

बुजवायला सोडा होता. ब्रशही ओला होता.

“हे काय, काका?” गंधारनं विचारलं.
म्हटलं, तुमच्या त्या दुनियेत
राक्षसबिक्षस असतील ना?
रात्री कुणीतरी येऊन गेलंय,
हिची चौकशी करायला.